नव्या संगणकातील अडगळ

नवा संगणक म्हणजे कोरी पाटी, अशी आपल्यापैकी बहुतेकांची समजूत असते. माझीही होती. वस्तुतः खोक्यातून नुकत्याच काढलेल्या त्या यंत्रावर कंपनीने, कंपनीच्या स्नेहीसोबत्यांनी आणि शेवटी दुकानदाराने आधीच पुष्कळ काही लिहून ठेवलेले असते. त्यातले काय पुसावे, काय राखावे आणि मुख्य म्हणजे कोणत्या क्रमाने पुसावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. संगणकशास्त्र हा माझा अभ्यासक्रम नव्हे. जे लिहिते आहे ते हाताने करून पाहिलेले आहे, आणि त्यात एक मोठी चूकही आहे. ती लपवण्याचा मोह झाला होता. पण ती वगळली तर लेखात उरते काय, असा प्रश्न पडला.

माझ्या मामांची शेड बडोद्याच्या मकरपुरा जी.आय.डी.सी.त आहे. मकरपुरा म्हटले की जुन्या बडोदेकर मराठी मंडळींना गायकवाडांचा राजवाडा आठवतो. तो पुढे हवाई दलाकडे गेला आणि तेथे प्रशिक्षणाचे काम चालते. मामांच्या पिढीचा मकरपुरा मात्र वेगळा. लेथ, मिलिंग, कूलंटचा आंबूस वास आणि 'आज द्या, काल पाहिजे होते' असे जॉबवर्क. मामांकडे दोन सी.एन.सी. लेथ आहेत. त्यांवर व्हॉल्व्हचे सुटे भाग होतात. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत एक संगणक असतो. टॅलीतले हिशेब, जी.एस.टी.ची बिले, गिऱ्हाइकांची ड्रॉइंगे आणि लेथवर चढवायचे प्रोग्राम असे सगळे त्या एकातच.

२०२५ सालच्या दिवाळीत मी तेथे होते. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ला मिळणारी नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली होती. मामांच्या जुन्या संगणकावर विंडोज ११ चढत नव्हते, कारण त्यासाठी लागणारी टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची चिप त्यात नव्हती. (या चिपचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. मी ठेवले नव्हते.) मामांनी जुना संगणक बदल्यात देऊन नवा घेतला. दुकानातल्या मुलाने शेडवर येऊन सारा मजकूर जुन्यातून नव्यात उतरवला आणि जुना घेऊन गेला. लक्ष्मीपूजनाला चोपड्यांच्या शेजारी हा नवा संगणकही मांडला, त्याच्या पेटीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले. गुजरातेत त्यानंतर धंदा बंद असतो तो थेट लाभपंचमीपर्यंत. ती २६ ऑक्टोबरला होती. त्या दिवशी मुहूर्ताचे पहिले बिल याच संगणकावर फाडायचे, असे मामांनी ठरवले होते.

पाडव्याच्या संध्याकाळी मामांनी मला हाक मारली. "अगं, हे बघ काय म्हणतंय. नवा कोरा आहे आणि म्हणतो धोक्यात आहे!" पडद्यावर लाल चौकट होती. विषाणूपासून संरक्षणाची मुदत संपत आली आहे, आत्ताच पैसे भरा, असा तिचा आशय. मामांच्या हातात कार्ड होते. माणूस चाळीस पैशांच्या इन्सर्टसाठी पुरवठादाराशी अर्धा तास घासाघीस करणारा. पण 'धोका' हा शब्द वाचून निमूटपणे पैसे भरायला निघाला होता.

आता हे असे का होते, ते आपल्या शाखेच्या दृष्टीने पाहू. संगणक विकणाऱ्या कंपनीला एका यंत्रामागे मिळणारा नफा फार थोडा असतो, कारण सगळ्यांचे यंत्र आतून जवळजवळ सारखेच. म्हणून कंपनी यंत्राच्या आतली जागा भाड्याने देते. विषाणूविरोधी आज्ञावली बनवणारा, खेळ बनवणारा, साठवणुकीची सोय विकणारा असे सगळे तिला पैसे देतात, कारण त्यांना तयार गिऱ्हाईक मिळते. महिनाभर फुकट, मग वर्गणी. म्हणजे संगणकाच्या किमतीतला एक हिस्सा आपण दुकानात देतो आणि उरलेला ते लोक आपल्या वतीने देतात, या आशेने की आपण पुढे तो फेडू. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. एस.टी.च्या अंगावरही जाहिराती असतातच. फरक एवढाच की एस.टी.वरची जाहिरात ड्रायव्हरचे स्टिअरिंग धरत नाही.

यावरून जगात बरेच रणकंदन झालेले आहे. १९९८ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, त्यात विंडोजबरोबर बांधून दिलेला इंटरनेट एक्सप्लोअरर हाच कळीचा मुद्दा होता. २००४ मध्ये युरोपीय आयोगाने त्याच कंपनीला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला. त्या निकालातला एक मुद्दा विंडोजमध्ये आधीच घातलेल्या मीडिया प्लेअरचा होता. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, त्यात मोबाइल फोनमध्ये गुगलचा संचच्या संच आधी बसवण्याची सक्ती हे एक कारण होते. २००८ सालचा किस्सा तर वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकात घालावा असा आहे. सोनी कंपनीने काही लॅपटॉपांवर ही अडगळ न घालता यंत्र देण्याचे सुमारे पन्नास डॉलर मागितले! लोकांनी ओरड केली तेव्हा ते पैसे माफ झाले. पण न दिलेल्या वस्तूचीही किंमत असू शकते, हे त्या निमित्ताने छापील स्वरूपात पाहायला मिळाले.

सर्वांत शिकण्यासारखे प्रकरण मात्र लेनोव्होचे. २०१४ च्या अखेरीस विकल्या गेलेल्या त्यांच्या काही लॅपटॉपांत 'सुपरफिश' नावाचा प्रकार घातलेला होता. त्याचे काम खरेदीच्या जाहिराती दाखवण्याचे. सुरक्षित पानांवरही त्या घुसवता याव्यात म्हणून त्याने संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवले. आपण बँकेचे पान उघडतो तेव्हा ते खरोखर बँकेचेच आहे याची ग्वाही अशा प्रमाणपत्रांवर अवलंबून असते. म्हणजे सरकारी साक्षीदाराच्या खुर्चीवर जाहिरातवाल्याने आपला माणूस बसवला. त्यात पुन्हा सर्व यंत्रांत किल्ली एकच, त्यामुळे एकाला सापडली की सर्वांची कुलपे उघडी. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघडकीस आले, कंपनीने ते काढण्याची साधने दिली आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली. आपल्या विषयापुरती महत्त्वाची गोष्ट ही की नेहमीच्या पद्धतीने सुपरफिश काढून टाकले तरी ते प्रमाणपत्र मागे राहत असे. ते वेगळे शोधून काढावे लागे. यादीतून नाव गेले म्हणजे वस्तू गेली, असे नव्हे.

असो. मामांच्या संगणकाकडे वळू.

पहिले दोन दिवस काहीही काढायचे नाही, असा नियम मी केला आणि तो बरोबर ठरला. फक्त पाहायचे आणि वहीत लिहायचे. सेटिंग्जमधल्या 'इन्स्टॉल्ड अॅप्स' या यादीतली नावे उतरवली, त्यापुढे बनवणाऱ्याचे नाव आणि बसवल्याची तारीख. खरेदीच्या आधीची तारीख असेल तर ते कारखान्यातून आलेले, खरेदीच्या दिवसाची असेल तर बहुधा दुकानातले. वहीच्या पानाला दोन रकाने पाडले आणि सवयीने वर 'बेकु' आणि 'बेड' असे लिहिले. आपल्या कन्नड विभागाच्या वाचकांना अर्थ सांगायला नकोच. मराठी वाचकांपैकी बेळगावच्या बाजारात भाजी घेतलेल्यांनाही नको. मामा मात्र विचारू लागले, "हा बेड कसला? कोणाला झोपवते आहेस?" हवे आणि नको एवढाच अर्थ आहे हे सांगितल्यावर म्हणाले, "मग मध्ये एक रकाना अजून पाड. माहीत नाही असा." तो तिसरा रकाना मी पाडला आणि त्यातच सर्वांत जास्त नावे गेली.

काढायला हात घालण्यापूर्वी एक परतीची वाट करून ठेवावी. १६ जी.बी. किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह घेऊन विंडोजचा 'रिकव्हरी ड्राइव्ह' बनवता येतो. संगणक चालूच होईनासा झाला तर तो कामी येतो. पण तो यंत्र परत देतो, आपली कागदपत्रे नव्हे. कागदपत्रांची प्रत वेगळी काढावी लागते. मी पेनड्राइव्ह बनवला. प्रत उद्या काढू म्हटले.

मग 'बेड' रकान्यातले एकेक काढत गेले. आधी ती लाल चौकटवाली विषाणूविरोधी आज्ञावली. लोकांना भीती वाटते की ती काढली तर संगणक उघडा पडेल. तसे होत नाही. विंडोजमध्ये 'डिफेंडर' नावाचा स्वतःचा पहारेकरी असतो. दुसरा कोणी कामावर आला की तो बाजूला होतो आणि दुसरा गेला की आपोआप उभा राहतो. काढून, संगणक बंद-चालू करून, तो उभा राहिला आहे हे डोळ्यांनी पाहून घ्यावे म्हणजे झाले. खेळ, खरेदीची दुकाने, चित्रपट दाखवणारे यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही, काढले, गेले. ऑफिसची चाचणी-आवृत्ती काढताना मात्र मामांना विचारले, कारण मुदत संपली की तिच्यात जुन्या फायली वाचता येतात पण बदलता येत नाहीत, आणि मामांची दरपत्रके एक्सेलमध्ये होती. विकत घ्यायचे की फुकट मिळणारे लिबरऑफिस वापरायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे होते.

इंटरनेटवरच्या साठवणुकीची जी सोय आधीच चालू असते तिच्या बाबतीत घाई करू नये. अशी सोय पुष्कळदा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे कप्पेच स्वतःच्या ताब्यात घेते. फाइल समोर दिसते, पण प्रत्यक्षात ती यंत्रात नसून दूर कोठेतरी असू शकते. आज्ञावली आधी काढली आणि फायली नंतर शोधल्या तर काही वेळा चित्रच राहते, वस्तू नाही. म्हणून आधी सर्व फायली यंत्रावर उतरवून घ्याव्यात, जुन्या जागी आणाव्यात आणि मग सोय बंद करावी.

जे काढायचे धाडस होत नाही ते नुसते थोपवता येते. टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप अॅप्स' असा भाग असतो. संगणकाबरोबर कोण कोण उठते ते तेथे कळते. तेथे एखाद्याला बंद केले तर तो यंत्रात राहतो, फक्त न बोलावता उठत नाही. आठ दिवस कोणाचे काही अडले नाही तर खुशाल काढावा. हेच यंत्राच्या भागांबाबत. न लागणारे भाग 'डिव्हाइस मॅनेजर'मधून 'अनइन्स्टॉल' केले तर संगणक पुन्हा चालू होताच विंडोज ते पुन्हा शोधून बसवते, कारण भाग तेथे आहेच. तेथे 'डिसेबल' हाच उपाय, आणि तो उलटवता येतो.

या सगळ्याने वेग किती वाढला? खरे सांगायचे तर फारसा नाही. आजच्या एस.एस.डी.वर चार-दोन आज्ञावल्या कमी-जास्त झाल्याने मोठा फरक पडत नाही. पूर्वीच्या फिरत्या डिस्कच्या काळात पडत असे. फरक पडला तो शांततेत. लाल चौकटी गेल्या आणि मामांचे कार्ड पाकिटात परत गेले.

यंत्राच्या भागांच्या यादीत 'कॉम पोर्ट' असे एक नाव होते. पेटीच्या मागे नऊ टाचण्यांचे जे जुनाट बीळ असते ते हे. आर.एस.-२३२ हे त्याचे मानक १९६० सालचे. हल्लीच्या लॅपटॉपांतून ते केव्हाच हद्दपार झाले. मी ते 'बेड' रकान्यात घातले होते आणि वर 'कालबाह्य' अशी टीपही जोडली होती. दुपारी यंत्रांना तेल घालायला आलेले एक वडीलधारे कारागीर, ज्यांना शेडवर सगळे काका म्हणतात, त्यांनी ते पान पाहिले आणि काही न बोलता मला जुन्या लेथपाशी नेले. लेथच्या नियंत्रकाच्या मागून एक करडी तार निघाली होती आणि भिंतीवरून जात काचेच्या खोलीत, नेमकी त्या बिळाशी संपत होती. जुन्या नियंत्रकाची स्मृती अगदी तुटपुंजी. प्रोग्राम संगणकात ठेवायचे आणि काम निघेल तसे या तारेने लेथला पाजायचे. हे बीळ असलेलाच संगणक पाहिजे म्हणून मामा तीन दुकाने फिरले होते. मी नाव खोडून 'बेकु' रकान्यात लिहिले.

एवढे झाल्यावर तरी मी सावध व्हायला हवे होते. पण मी त्यातून अर्धाच धडा घेतला: ज्या वस्तूला कोणीतरी वापरते ती ठेवावी. मग जिला कोणीच हात लावत नाही ती काढायला हरकत नाही, असे उलट गणित मी मांडले. २५ तारखेच्या रात्री संगणकाच्या 'बायोस'मध्ये, म्हणजे विंडोज उठण्यापूर्वीच्या मूळ सेटिंग्जमध्ये शिरले. तेथे ब्लूटूथ बंद केले, ते ठीक. खाली 'सिक्युरिटी डिव्हाइस' असे काही होते. शेडवर कोणाला विचारणार? कोणी वापरत नव्हते. बंद केले.

संगणक पुन्हा चालू केला तेव्हा निळा पडदा आला आणि त्याने ४८ अंकांचा एक आकडा मागितला. सहा-सहा अंकांचे आठ गट. तो आकडा मामांना माहीत नव्हता. असा काही आकडा असतो हेच कोणाला माहीत नव्हते.

झाले होते ते असे. नव्या विंडोज ११ च्या संगणकात, आणि २०२४ च्या आवृत्तीपासून तर सर्रास, डिस्कवरचा सगळा मजकूर आपोआप सांकेतिक भाषेत बंदिस्त केला जातो. त्याची किल्ली त्याच टी.पी.एम. चिपमध्ये असते. रोज सकाळी चिप पाहते की यंत्र नेहमीसारखेच उठते आहे, आणि निमूटपणे किल्ली देते. मी चिपच बंद केली. किल्ली देणारा नाही, तेव्हा यंत्र मालकाकडे राखीव किल्ली मागते. ती म्हणजे हा आकडा. तो पहिल्या दिवशी ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून यंत्र सुरू केले त्याच्या खात्यात साठवलेला असतो. ज्या चिपसाठी जुना संगणक टाकला होता तीच मी अडगळ म्हणून बंद केली होती.

मामांनी त्यांचे खाते उघडून पाहिले. आकडा नव्हता. यंत्र सुरू केले होते दुकानातल्या मुलाने, आणि वेळ वाचावा म्हणून स्वतःच्या दुकानाच्या खात्यातून. दुकान लाभपंचमीपर्यंत बंद, फोन लागत नव्हता. हिशेबांची सप्टेंबरअखेरची प्रत सी.ए.कडे होती, पण लेथचे अकरा वर्षांचे प्रोग्राम दुसरीकडे कोठेही नव्हते, आणि 'उद्या काढू' म्हटलेली प्रत काढायची राहिली होती. मामा रागावले नाहीत. ते बाहेर जाऊन जुन्या लेथपाशी उभे राहिले. त्यापेक्षा रागावले असते तर बरे.

सुटका झाली ती माझ्या हुशारीने नव्हे, वहीमुळे. बायोसमध्ये काय काय बदलले ते मी पाठीमागच्या पानावर क्रमाने लिहिले होते. एकेक बदल उलटवत गेले. चिप केवळ बंद झाली होती, तिच्यातले पुसले गेले नव्हते. त्याच पडद्यावर 'क्लिअर' असाही पर्याय होता. तो मी निवडला असता तर हा लेख वेगळा झाला असता. चिप पुन्हा चालू केली आणि विंडोज काही न विचारता उठले. रात्रीचे पावणेबारा झाले होते. पहिल्यांदा सगळ्या मजकुराची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. मग विंडोजला आदेश देऊन तो ४८ अंकी आकडा पडद्यावर आणला आणि दोन कागदांवर लिहिला. मामांनी वाचून दाखवला, मी ताडून पाहिला, जसा आपण तेरीज ताडून पाहतो. एक कागद घरी कपाटात गेला, दुसरा शेडवर नव्या चोपडीच्या पहिल्या पानात.

काही जण सुचवतात की ही निवडानिवड करण्यापेक्षा सगळे पुसून मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे विंडोज नव्याने चढवावे. हे करता येते. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, परवान्याची किल्ली कंपनीच्या संगणकांत बायोसमध्येच असते, त्यामुळे पुन्हा विकत घ्यावे लागत नाही. पण तेही पूर्ण कोरेपण नव्हे. बायोसमध्ये ठेवलेली आज्ञावली विंडोजने प्रत्येक वेळी उचलावी अशी एक सोय त्याच सुमारास आली. २०१५ मध्ये लेनोव्होच्याच काही यंत्रांत तिचा उपयोग होत असल्याचे दिसले. विंडोज नव्याने चढवले तरी कंपनीची आज्ञावली परत हजर! शेवटी कंपनीने बायोस बदलून ती काढली. मामांना मी नव्याने चढवण्याचा सल्ला दिला नाही. टॅलीचा परवाना, लेथला जोडणारी आज्ञावली, प्रिंटर असे सगळे पुन्हा बसवावे लागले असते, आणि सकाळी मुहूर्त होता.

मुहूर्ताचे बिल निघाले. पुढे दुकान उघडल्यावर मी मामांबरोबर गेले आणि त्या मुलाला सांगितले की आमचा संगणक तुझ्या खात्यातून सोडव. मुलगा भला होता. त्याने लगेच खाते उघडले. राखीव आकड्यांच्या पानावर मामांच्या यंत्राचे नाव होते, त्याच्या खाली दुसरे होते, आणि तो बोटाने पान वर सरकवीत गेला तरी नावे संपेनात. मकरपुऱ्यातल्या किती शेडच्या किल्ल्या त्या एका खात्यात होत्या ते मी मोजले नाही. ज्याचा आकडा त्याला कागदावर लिहून दे, असे मी त्याला म्हटले. तो म्हणाला, "हो ताई, सीझन संपला की करतो." मामांनी काउंटरवरचा एक कोरा कागद ओढून घेतला, खिशातले पेन त्याच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "पहिले नाव वाच. मी लिहितो."